कैगाची अणुभट्टी आणि संगणकातले अपघात

बेळगावहून कैगा सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा करत अणशी घाट उतरला की कद्रा धरणाचा जलाशय लागतो आणि त्याच जलाशयाच्या काठी प्रत्येकी २२० मेगावॉट क्षमतेच्या चार अणुभट्ट्या उभ्या आहेत. त्यांतील पहिल्या दोन २००० साली, तिसरी २००७ मध्ये आणि चौथी २०११ मध्ये सुरू झाली. आता तिथे ७०० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्यांचे काम हाती घेतलेले आहे. आमच्या भागात कैगाविषयी बोलणे निघाले की एक बाजू भीतीने बोलते, दुसरी विश्वासाने. आणि विश्वासाने बोलणाऱ्यांचे शेवटचे वाक्य बहुतेक वेळा एकच असते, की सगळे संगणकावर तपासलेले आहे. या वाक्यात नेमके काय दडलेले असते, याविषयी मला लिहायचे आहे.

मी अणुशास्त्रज्ञ नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत कास्टिंगचे सिम्युलेशन करणे हे माझे रोजचे काम आहे. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात कसे शिरेल, कुठे आधी गोठेल आणि कुठे उशिरा, हे संगणक पडद्यावर रंगांत दाखवतो; आणि रायझरपासून, म्हणजे गोठताना आकसणाऱ्या धातूला वरून रस पुरवणाऱ्या भागापासून, तुटलेला एखादा ओला भाग शेवटी गोठणार असेल, तर तिथे पोकळी राहील असे आम्ही समजतो. मात्र आमचे काम त्या रंगीत चित्रावर संपत नाही. पहिले कास्टिंग आले की ते बँड सॉवर कापले जाते, कापलेला भाग घासून स्वच्छ केला जातो आणि रायझरच्या मानेखाली नखाएवढी काळी पोकळी आहे की नाही, हे उजेडात धरून पाहिले जाते. पोकळी चित्रातल्या जागेपासून दोन बोटे सरकलेली असेल, तर वाळू उष्णता किती वेगाने शोषते याचा जो आकडा आम्ही पुस्तकातून घेतला होता, तो आमच्या वाळूला लागू नाही एवढे समजते आणि तो आकडा बदलला जातो. अणुभट्टीच्या अभियंत्याला ही सोय नाही. चालू भट्टीचा नळ मुद्दाम फोडून आत काय होते ते त्याला पाहता येत नाही. त्याला अपघात संगणकातच घडवावा लागतो, आणि म्हणून त्या गणिताची परीक्षा कुठे आणि कशी घेतली हा प्रश्न त्याच्या बाबतीत आमच्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

अणुभट्टी बंद केली तरी ती लगेच थंड होत नाही, ही या साऱ्या विषयाची मूळ अडचण आहे. विखंडन, म्हणजे युरेनियमच्या अणूंचे फुटणे, थांबते, परंतु विखंडनातून तयार झालेली किरणोत्सर्गी द्रव्ये क्षय पावत राहतात आणि उष्णता देत राहतात. बंद झाल्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सुमारे सहा ते सात टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास येते आणि दिवसभरानंतरही अर्धा टक्का उरते. कैगाच्या एका भट्टीची औष्णिक शक्ती ७५० मेगावॉटच्या घरात धरली, तर बंद होताक्षणी पंचेचाळीस-पन्नास मेगावॉट आणि चोवीस तासांनंतर चारएक मेगावॉट उष्णता कुठेतरी वाहून न्यावी लागते. ती वाहून नेणारे पाणी कमी पडले तर इंधनावरचे झिर्कोनियमचे आवरण तापते. ते पुरेसे तापले की वाफेशी त्याची रासायनिक क्रिया सुरू होते, तिच्यातून आणखी उष्णता निघते आणि हायड्रोजन वायूही तयार होतो. जपानमधील फुकुशिमा अणुकेंद्राच्या इमारतींची छपरे उडाली ती याच हायड्रोजनमुळे. म्हणून आवरणाचे तापमान १२०४ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचे नाही, अशी मर्यादा अमेरिकेने १९७४ च्या सुमारास नियमात घातली. नळ फुटल्यानंतर कोणत्या सेकंदाला आवरण किती तापलेले असेल, हे सांगणे हेच सुरक्षा-विश्लेषणाच्या संगणकी कोडचे मुख्य काम आहे.

हे कोड संपूर्ण नळ-व्यवस्थेचे शेकडो लहान कप्पे करतात आणि प्रत्येक कप्प्यात पाण्याचे वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा, तसेच वाफेचे वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांची समीकरणे क्षणाक्षणाला सोडवतात. अमेरिकेतील आयडाहोच्या प्रयोगशाळेत तयार झालेला रिलॅप हा कोड यांत सर्वांत परिचित आहे. फ्रान्सचा कातार, जर्मनीचा अॅथलेट हे त्याच जातीचे. समीकरणे पक्की आहेत, कारण ती न्यूटनच्या आणि ऊष्मागतिकीच्या नियमांवर उभी आहेत. परंतु वाफ आणि पाणी एकमेकांना किती ओढतात, तापलेल्या धातूवर पाणी पुन्हा चिकटते कधी, या गोष्टी समीकरणांतून निघत नाहीत. त्या प्रयोगांवरून बसवलेल्या सूत्रांतून येतात. माझ्या मते कोडचा खरा आधार या सूत्रांत असतो, आणि ती सूत्रे ज्या आकारमानाच्या प्रयोगांतून आली त्या आकारमानाबाहेर ती किती टिकतात, याचे उत्तर कोड स्वतः देऊ शकत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आयडाहोमध्येच घडले. १९७० च्या अखेरीस सेमीस्केल नावाच्या छोट्या प्रयोगसंचावर नळ फुटल्याची परिस्थिती निर्माण केली गेली, तेव्हा आणीबाणीसाठी आत सोडलेले पाणी तळाशी पोहोचण्याऐवजी वाफेच्या झोताबरोबर फुटलेल्या जागेतूनच बाहेर निघून गेले. गणिताने असे काही सुचवले नव्हते. या निकालामुळे अमेरिकेत १९७२-७३ मध्ये दीर्घ सार्वजनिक सुनावण्या झाल्या आणि त्यांतून पुढचे कडक नियम आले: नेमके काय होईल हे खात्रीने सांगता येत नसेल, तर प्रत्येक ठिकाणी वाईटात वाईट आकडा धरून हिशेब करा. त्यानंतर ५० मेगावॉट औष्णिक शक्तीच्या लॉफ्ट या खऱ्या अणुभट्टीवर, खरे अणुइंधन वापरून, डिसेंबर १९७८ मध्ये मोठा नळ फुटल्याचा प्रयोग झाला. तिथे उलटे घडले. इंधनाच्या सळया अंदाजापेक्षा खूप लवकर पुन्हा ओल्या झाल्या आणि तापमान भाकितापेक्षा कमी राहिले. पुढे जर्मनीत मानहाइम येथे अणुभट्टीच्या पात्राची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभारून प्रयोग केले गेले, आणि मोठ्या पात्रात पाणी वाफेला चुकवून खाली उतरायला जागा शोधते, असे दिसून आले. लहान भांड्यातला निकाल त्या भांड्यापुरता खरा होता. तो मोठ्या पात्राला लावता येत नव्हता.

पण तोपर्यंत दुसरीच गोष्ट घडून गेली होती. दहा वर्षे सगळ्यांचे लक्ष सर्वांत मोठ्या नळाच्या संपूर्ण तुटण्यावर खिळलेले होते, आणि २८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात अपघात झाला तो एका झडपेमुळे. दाब कमी करणारी ती झडप उघडली आणि मिटलीच नाही. दोन तासांहून अधिक काळ तिच्यातून पाणी जात राहिले. नळ मोठा फुटला तर पाण्याची पातळी झपाट्याने घसरते; या लहान गळतीत मात्र दाब-नियंत्रक टाकीतील पातळी वर चढलेली दिसत होती, म्हणून चालकांनी पाणी जास्त झाले असे समजून आणीबाणीचे पाणीच कमी केले. भट्टीचा गाभा, म्हणजे इंधन असलेला भाग, जवळजवळ अर्धा वितळला. दीड वर्ष आधी, सप्टेंबर १९७७ मध्ये, डेव्हिस-बेसी या अमेरिकेतल्याच दुसऱ्या अणुकेंद्रात जवळपास हाच प्रकार होऊन गेला होता, त्यावर कुणीकुणी लिहिलेही होते. तरीही लहान गळतीचे बारकाईने केलेले गणित चालकांच्या प्रशिक्षणापर्यंत पोहोचले नव्हते. संगणकाची शक्ती कमी पडली असे इथे म्हणता येत नाही, कारण त्याला तो प्रश्न पुरेशा गांभीर्याने विचारलाच गेला नव्हता.

कैगाच्या भट्ट्या अमेरिकी पद्धतीच्या नाहीत, आणि हे आमच्या चर्चांमध्ये क्वचितच लक्षात घेतले जाते. त्या जड पाण्याच्या (साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेल्या पाण्याच्या), नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भट्ट्या आहेत. एका जाडजूड उभ्या पात्राऐवजी त्यांत ३०६ आडव्या नळ्या असतात, प्रत्येक नळीत इंधनाची बारा बंडले आणि प्रत्येक बंडलात एकोणीस सळया. नळ्यांतून उच्च दाबाचे, सुमारे २९३ अंशांपर्यंत तापणारे जड पाणी वाहते आणि नळ्यांभोवती वेगळे, थंड जड पाणी असते. आडव्या नळीतला प्रवाह मंदावला की वाफ वर साचते आणि पाणी तळाला राहते. मग वरच्या सळया कोरड्या पडून तापतात आणि खालच्या ओल्याच राहतात. फार तापले तर नळी फुगते किंवा वाकते, तिला वेढणाऱ्या बाहेरच्या नळीला टेकते आणि उष्णता भोवतालच्या थंड पाण्यात जाऊ लागते. ही या रचनेची एक मोठी जमेची बाजू आहे. पण उभ्या सळयांसाठी लिहिलेला कोड ती आपोआप दाखवत नाही. त्याचबरोबर या भट्टीत शीतक, म्हणजे इंधन थंड करणारे पाणी, उकळून वाफ झाले की साखळी-क्रिया मंदावण्याऐवजी वाढते, म्हणून भट्टी अतिशय झटपट बंद करणाऱ्या दोन स्वतंत्र व्यवस्था तिथे ठेवाव्या लागतात: एक कॅडमियमच्या सळयांची, दुसरी नळ्यांत न्यूट्रॉन शोषणारे द्रावण भरणारी. या सगळ्याचे गणित करण्यासाठी अणुऊर्जा महामंडळाने आत्मिका नावाचा आपला कोड तयार केला. कॅनडाच्या आरडी-१४एम या प्रयोगसंचावरील निकालांशी निरनिराळ्या देशांचे कोड ताडून पाहण्याचा जो उपक्रम आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने केला, त्यातही भारत सहभागी होता.

या प्रकारच्या भट्टीतील एक गोष्ट मला फार विचार करायला लावणारी वाटते. सर्वसामान्य समजूत अशी, की फूट जितकी मोठी तितका अपघात वाईट. पण पाणी आत नेणाऱ्या मुख्य हेडरला, म्हणजे ज्यातून सगळ्या नळ्यांना पाणी वाटले जाते त्या जाड नळाला, एका ठरावीक आकाराची फूट पडली, तर एका बाजूने पंप पाणी पुढे ढकलतो, दुसऱ्या बाजूने फूट ते मागे ओढते, आणि दोन्ही जोर तुल्यबळ होऊन इंधनावरचा प्रवाह काही काळ जवळजवळ थांबतो. याहून मोठी फूट पडली तर प्रवाह उलटा का होईना, पण वाहतो आणि इंधन थंड राहते. म्हणजे मधलीच एक फूट सर्वांत घातक. ती नेमकी कितीची, हे केवळ अनुभवाने कुणालाही सांगता आले नसते. त्यासाठी फुटीचा आकार थोडाथोडा बदलत तेच गणित पुन्हा पुन्हा चालवावे लागते. संगणकी मॉडेलवर माझा विश्वास बसला तो अशा ठिकाणी.

विश्वास ठेवायचा तर तो मोजून ठेवावा, आणि मोजण्याची रीतही आता आहे. अमेरिकेने १९८८ मध्ये नियम बदलून वास्तवाच्या जवळचे गणित करण्यास परवानगी दिली, परंतु अनिश्चितता दाखवण्याच्या अटीवर. ज्या आकड्यांची खात्री नाही ते सगळे त्यांच्या शक्य मर्यादांत यदृच्छेने बदलायचे आणि संपूर्ण अपघात ५९ वेळा चालवायचा. त्यांतील सर्वांत जास्त तापमान घेतले, तर शंभरातील पंचाण्णव शक्यता त्याच्या आत येतात, असे पंचाण्णव टक्के भरवशाने म्हणता येते. हा ५९ चा आकडा साध्या संभाव्यतेतून निघतो: ०.९५ चा ५९ वा घात ०.०५ च्या खाली येतो. तथापि हा भरवसा यादीत घेतलेल्या अनिश्चिततांपुरताच असतो. एकाच प्रयोगाचे, एकाच कोडवर, वेगवेगळ्या तज्ज्ञांनी केलेले हिशेब एकमेकांपासून बरेच दूर गेल्याचे आंतरराष्ट्रीय तुलनांमध्ये वारंवार आढळले आहे, कारण कप्पे कसे पाडायचे आणि कोणते सूत्र निवडायचे हे माणूस ठरवतो. ते ५९ च्या हिशेबात धरलेले नसते.

आपल्या देशात निसर्गानेच घेतलेली एक परीक्षा उत्तर प्रदेशातील नरोरा अणुकेंद्राची आहे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे तिथल्या टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, आग केबलींतून पसरली आणि भट्टीची सगळी वीज गेली. सुमारे सतरा तास पंपांना वीज नव्हती. भट्टी चालकांनी तत्काळ बंद केली होती, पण क्षय-उष्णतेचे काय? स्टीम जनरेटर (गाभ्याच्या उष्णतेवर वाफ तयार करणारी पात्रे) गाभ्यापेक्षा उंचावर असल्यामुळे तापलेले हलके पाणी वर चढत राहिले, तिथे थंड होऊन खाली उतरत राहिले, आणि डिझेलवर चालणाऱ्या आगीच्या पंपांनी स्टीम जनरेटरमध्ये पाणी घातले जात राहिले. इंधनाला इजा झाली नाही. नैसर्गिक अभिसरण पुरेसे ठरेल असे गणित सांगते तेव्हा माझ्यासारख्या माणसाला ते केवळ गणित वाटत नाही, त्यामागे नरोऱ्याचे सतरा तास आहेत. मात्र केबली एकाच मार्गाने नेल्या तर एकच आग सगळ्यांना जाळेल, ही गोष्ट उष्णतेच्या कोणत्याही कोडच्या कक्षेत येत नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

खुद्द कैगाच्या इतिहासातही असा प्रसंग आहे. १३ मे १९९४ रोजी, बांधकाम चालू असताना, पहिल्या भट्टीच्या आतल्या घुमटाच्या खालच्या थराचे सुमारे १३० टन काँक्रीट सुटून खाली कोसळले. इंधन तेव्हा भरलेले नव्हते. घुमटात ताणलेल्या पोलादी केबली वक्राकार असतात आणि वक्र केबल ताणली की ती काँक्रीटला जाडीच्या दिशेने ओढते. तो ताण पेलणारे पोलाद त्या दिशेने पुरेसे नव्हते. घुमट म्हणजे पातळ कवच असे मानून गणित केले, तर जाडीच्या दिशेचा ताण त्या गणितात उमटतच नाही, मग संगणक कितीही वेगवान असो. नंतर रचना बदलण्यात आली, त्या दिशेचे पोलाद घालण्यात आले आणि घुमट पुन्हा बांधला गेला. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने तारापूर येथे ५४० मेगावॉटच्या भट्टीभोवतीच्या काँक्रीटच्या आवरण-इमारतीची एक-चतुर्थांश आकाराची प्रतिकृती बांधून तिच्यात दाब वाढवत नेण्याचे प्रयोग केले, आणि त्यासाठी देशोदेशीच्या गटांकडून आधी भाकिते मागवली. आमच्या बँड सॉच्या सर्वांत जवळ जाणारे काम मला हेच वाटते.

आमच्या फाउंड्रीत पॅटर्नचे काम करणारे एक वयस्क गृहस्थ आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांचे घराणे मूळचे सुपा गावचे. धरणात गाव गेल्यावर ही माणसे रामनगरला वसवली गेली. एकदा पडद्यावरचे सिम्युलेशन पाहता पाहता त्यांनी विचारले, "सर, सुप्याच्या धरणाला काय झालं तर कैगाचं काय, ते कुणी कॉम्प्युटरवर बघितलंय काय हो?" मी म्हणालो, "मामा, बघावंच लागतं, तसा नियम आहे." नदीकाठच्या अणुकेंद्रासाठी वरच्या बाजूचे धरण फुटल्यास येणारा पूर विचारात घेणे बंधनकारक आहे, आणि काळी नदीवर कैगाच्या वर सुपा आणि कोडसळ्ळी ही धरणे आहेत. पण मामांचा प्रश्न तिथे संपत नाही. धरणफुटीच्या गणितात नदीच्या पाण्याची समीकरणे १८७१ पासून माहीत असलेली आहेत. उत्तर ठरते ते भगदाड किती रुंद आणि किती वेळात पडले, यावर. मातीचे धरण झिजत झिजत फुटते, काँक्रीटचे एकदम जाऊ शकते, आणि सुप्याचे धरण काँक्रीटचे, सुमारे शंभर मीटर उंचीचे आहे. वरचे फुटले म्हणून खालचेही फुटले असे धरले होते का, जलाशय ऑगस्टमध्ये असतो तसा तुडुंब धरला होता का, खोऱ्यातील झाडीचा आणि दगडगोट्यांचा अडथळा किती धरला होता, हे तीन-चार आकडे पुराची उंची कित्येक मीटरनी बदलू शकतात. २०१९ च्या पुरात घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय पाहिलेल्या बेळगावच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

फुकुशिमाची कहाणी मी इथे याच कारणासाठी आठवतो. त्या केंद्राने त्सुनामीची उंची ५.७ मीटर धरली होती. २००८ साली कंपनीने स्वतःच, भूकंपाचा वेगळा उगम धरून, पुन्हा गणित करवून घेतले आणि उत्तर आले कमाल १५.७ मीटर. केंद्राची जमीन समुद्रसपाटीपासून दहा मीटरवर होती. हे गृहीतक पुरेसे सिद्ध नाही, आणखी अभ्यास व्हावा, असे ठरले. नियामकाला तो आकडा सांगितला गेला ७ मार्च २०११ रोजी, आणि चार दिवसांनी समुद्र आला. मॉडेलने आपले काम केले होते. ते फाइलीत राहिले.

कैगाच्या पाचव्या आणि सहाव्या भट्टीसाठी २०१८ मध्ये जनसुनावणी झाली तेव्हा जंगल, विस्थापन आणि आरोग्य यांवर लोक पोटतिडकीने बोलले, आणि ते बोलणे योग्यच होते. मला त्यात आणखी एक मागणी घालावीशी वाटते. या नव्या भट्ट्यांत ३०६ ऐवजी ३९२ नळ्या आहेत, नळ्यांच्या शेवटी थोडे पाणी उकळू देण्याची मुभा आहे आणि वीज नसतानाही उष्णता काढून नेणारी स्वतंत्र व्यवस्था आहे. म्हणजे जुन्या भट्ट्यांसाठी तपासलेली सूत्रे इथे जशीच्या तशी पुरतील असे धरता येत नाही. याच रचनेची गुजरातमधील काक्रापारची तिसरी भट्टी २०२३ पासून आणि चौथी २०२४ पासून व्यावसायिक तत्त्वावर वीज देत आहे. तिथे चाचण्यांत प्रत्यक्ष मोजलेली तापमाने आणि प्रवाह एका रकान्यात, त्यांच्यासाठी आधी केलेली भाकिते दुसऱ्या रकान्यात, आणि त्याखाली काळी नदीच्या पुरासाठी धरलेली भगदाडाची रुंदी, वेळ व जलाशयाची पातळी, एवढे चार-पाच पानांचे टिपण कन्नड, मराठी आणि कोंकणीत जोयडा, कारवार आणि खानापूरच्या तहसील कार्यालयांत ठेवले जावे. आमच्या पट्ट्यात अभियांत्रिकी महाविद्यालये पुष्कळ आहेत, ते वाचून प्रश्न विचारू शकणारी मुलेही आहेत, आणि मामांना उत्तर देताना नियम आहे एवढे सांगून मला थांबावे लागणार नाही.